मी खरंच पडले तेव्हा सगळे हसत होते

"तुम्ही चालत आलात?" डॉक्टर इनामदारांनी विचारलं.

"रिक्षातून उतरून चालतच आले की. जरा वाकून," मी म्हटलं.

त्यांनी हातातली एमआरआयची फिल्म टेबलावर ठेवली आणि दाराशी उभ्या असलेल्या सिस्टरना सांगितलं, "स्ट्रेचर आणा. यांना आता उभं करायचं नाही, बसवायचं नाही, वाकू द्यायचं नाही."

दोघातिघांनी मिळून मला सरळ आडवं केलं. आमचे मालक, म्हणजे माझे मिस्टर सदाशिव, माझ्या चपला हातात घेऊन भिंतीला टेकून उभे राहिले. डॉक्टरांनी फिल्म दिव्यासमोर धरली आणि त्यांना दाखवायला लागले. मी खालून मान वळवून बघत होते.

"हा एल वन. कमरेच्या मणक्यांतला सगळ्यात वरचा. याचं बर्स्ट फ्रॅक्चर झालंय."

बर्स्ट म्हणजे फुटणं. वरून किंवा खालून एकदम जोराचा दाब आला की मणका चेपतो, आणि दाब फारच असला तर त्याचे तुकडे चारी बाजूंना सरकतात. माझ्या मणक्याचा एक तुकडा मागं सरकून स्पायनल कॅनॉलमध्ये शिरला होता. स्पायनल कॅनॉल म्हणजे मणक्यांच्या मधली पोकळी. पायांकडं आणि लघवीच्या जागेकडं जाणाऱ्या सगळ्या नसा तिथून जातात. डाव्या पायाचा अंगठा मला वर उचलता येत नव्हता तो त्यामुळं. सकाळपासून लघवीला बसल्यावर होत नव्हती, तीही त्यामुळंच.

"कधी पडलात?"

"परवा संध्याकाळी."

"आणि तेव्हापासून काय करत होतात?"

"शूटिंग."

"कसलं?"

"विनोदी मालिकेचं," मी म्हटलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. माझ्या तळपायाला टाचणी लावून 'कळतंय का' विचारत राहिले, आणि मी काही ठिकाणी हो, काही ठिकाणी नाही म्हणत राहिले.

हे लिहायचं कारण सांगते. मणका मोडलेली माणसं पुष्कळ असतात. झाडावरून पडतात, गाडीवरून पडतात. पण लोकांना हसवता हसवता मणका मोडला, तर ते आजारपण आहे हेच लोकांना पटायला वेळ लागतो. मलाही लागला. माझ्यासारखं कुणाचं झालं, सेटवर असो, कारखान्यात असो, लग्नाच्या मांडवात असो, तर त्यानं ते दोन दिवस वाया घालवू नयेत.

मी मंगल. माहेर गडहिंग्लजचं. शाळेपासून नाटकात काम करायची हौस. लग्नानंतर कोल्हापुरात आले. मालकांचं शाहूपुरीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान. त्यांनी कधी नाटकाला नाही म्हटलं नाही. हौशी नाटकं झाली, स्पर्धा झाल्या, आणि चाळिशी उलटल्यावर कोल्हापुरातच चित्रीकरण होणारी एक रोजची मालिका मिळाली. खानावळ चालवणाऱ्या एका तापट बाईची भूमिका. मुलं भाड्यानं राहतात, चोरून खातात, बाई त्यांच्या मागं लाटणं घेऊन धावते. लोकांना बाई आवडली. बाजारात भाजीवाल्या मला त्याच नावानं हाक मारायला लागल्या.

गोष्ट पुढं सरकेना की बाईला पाडायचं, हे हळूहळू ठरूनच गेलं. बाई खुर्चीवरून पडते, बाई पाटावरून घसरते, बाई पिठाच्या डब्यात बसते. पडली की लोक हसतात. रोजचा एपिसोड रोज द्यायचा असतो. आज केलेला सीन आठ-दहा दिवसांत दिसणार. त्यामुळं लिहिणाऱ्याला लिहायला वेळ नाही, आम्हाला पाठ करायला वेळ नाही, आणि कुठलीही गोष्ट दोनदा तपासायला तर नाहीच नाही. सकाळी उजाडताना घरातून निघायचं ते रोजच उशिरा परत. दिग्दर्शक निखिल, पुण्याचा, माझ्या भाच्याच्या वयाचा. तो ॲसिडिटीच्या गोळ्या चघळतच ॲक्शन म्हणायचा. चॅनलचा फोन वाजला की त्याचा चेहरा उतरायचा.

त्या दिवशी सीन असा होता. बाई लाडवांचा डबा लपवायला शिडीवरून माळ्यावर चढते, शिडी सरकते, बाई लोंबकळते आणि पडते. खाली गादी असायची. दोन टेक गादीवर पडून झाले. मग निखिल म्हणाला की वाइड शॉट हवा, म्हणजे बाई डोक्यापासून जमिनीपर्यंत दिसली पाहिजे. आणि वाइडमध्ये गादी दिसत होती.

"ताई, पडायचं नाही, फक्त लोंबकळायचं. पडण्याचा शॉट आपल्याकडं आहे," असं ठरलं. गादी ओढून बाजूला नेली. शिडी ठरल्याप्रमाणं सरकली. मी माळ्याची कड धरली, आणि ती कड प्लायवूडची, वरून नुसती खिळ्यांनी ठोकलेली. ती माझ्यासकट खाली आली.

मी बसल्यासारखी पडले. पार्श्वभागावर, सरळ, फरशीवर. लाडवांचा डबा मागोमाग आला आणि लाडू घरभर पळाले.

आणि सगळे हसले. कॅमेरामन हसला, लाइटवाले हसले, मेकअपची मुलगी तोंडाला ओढणी लावून हसली. मी ओरडले, "अगं आई गं!" त्यावर आणखी हसले. त्यांना दोष देत नाही. ओरडणं हे माझं कामच होतं. श्वास आत जाईना, कमरेत कुणीतरी तापलेली सळई खुपसल्यासारखं झालं, आणि समोर पन्नास माणसं पोट धरून हसतायत. असं दृश्य मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मालिकेत माझ्या सुनेचं काम करणारी तन्वी एकटी हसत नव्हती. ती जवळ आली आणि म्हणाली, "ताई, हे खरं हाय न्हवं?"

पुढचं लवकर सांगते. कुणीतरी स्प्रे मारला. कुणीतरी म्हणालं मसल पुल आहे, म्हणजे स्नायू ताणलाय. दुसऱ्या दिवशी सकाळी सेटवर एक कंपाउंडर आणून मला वेदनेचं इंजेक्शन दिलं आणि मी खुर्चीत बसून चार सीन केले. त्याच्या पुढच्या दिवशी पायात चप्पल राहीना. डावा पाय फरपटायला लागला. तेव्हा आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी एमआरआय काढायला पाठवलं, आणि ते पाकीट घेऊन आम्ही इनामदारांकडं आलो.

ॲडमिट करताना कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, "कसं पडलात, कुठं पडलात, नीट सांगा. कामावरचा अपघात असेल तर एमएलसी करावी लागेल." एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस. अपघात कसा झाला याची खबर दवाखाना पोलिसांना देतो.

तेवढ्यात मालकांचा फोन वाजला. प्रॉडक्शनचे पाटकर. निर्मात्याच्या वतीनं सगळी व्यवस्था बघणारा हा माणूस. मालक ऐकत होते, मान डोलवत होते. मग फोन माझ्या कानाला लावला.

"मंगलताई, काळजी करू नका, दवाखान्याचं आम्ही बघतो. फक्त एक करा. घरी बाथरूममध्ये पाय घसरला असं सांगा. पोलीस वगैरे आले की सेट बंद पडतो. इतक्या लोकांच्या पोटाचा प्रश्न आहे."

मी स्ट्रेचरवर होते. छताकडं बघत होते. मला तेव्हा राग आला की नाही आठवत नाही, पण तोंडातून निघालं ते असं: "पाटकर, आमच्या बाथरूमला एवढी उंची न्हाय हो."

मालकांनी फोन काढून घेतला आणि हळूच म्हणाले, "मंगल, जरा दमानं घे. त्येंच्याशी वाकडं घेऊन परत काम मिळंल व्हय?"

त्यांचं चूक नव्हतं. सोळा वर्षांच्या धडपडीनंतर मला लोक ओळखायला लागले होते, आणि हे त्यांनी जवळून बघितलं होतं. पण मला पायाचा अंगठा उचलता येत नव्हता. मी त्या डॉक्टरला म्हटलं, "लिहा. मालिकेच्या सेटवर, काम करताना, उंचावरून पडले. खाली काही अंथरलेलं नव्हतं."

त्यानं लिहिलं. थोड्या वेळानं मालक माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, "बरोबर केलंस." एवढंच.

ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी सकाळी झालं. डॉक्टरांनी आधी समजावलं होतं. डीकॉम्प्रेशन म्हणजे नसांवरचा दाब काढणं; तो सरकलेला तुकडा नसांपासून दूर करायचा. आणि पेडिकल स्क्रू फिक्सेशन म्हणजे फुटलेल्या मणक्याच्या वरच्या आणि खालच्या मणक्यांत टायटॅनियमचे स्क्रू बसवून त्यांना सळयांनी जोडायचं, हाड भरून येईपर्यंत आधार म्हणून.

मी विचारलं, "चालेन का?"

ते म्हणाले, "अंगठा कमजोर आहे, मेलेला नाही. लघवीचं लवकर कळलं हे चांगलं झालं. मी वचन देत नाही, पण मला आशा आहे." खोटा धीर न देणारा माणूस मला त्या घटकेला फार मोठा वाटला.

शुद्धीवर आले तेव्हा पाठीवर कुणीतरी दगड ठेवल्यासारखं होतं. लघवीला नळी, हाताला सलाइन. कुशीवर व्हायचं तर लॉग रोल. लाकडाचा ओंडका फिरवतात तसं तिघांनी मिळून खांदे, कंबर, पाय एकदम वळवायचं, मध्ये पीळ पडू द्यायचा नाही. सिस्टर म्हणायच्या, "एक, दोन, तीन, चला." मी ओंडका. बेडपॅनची लाज पहिल्या दिवशी वाटली. दुसऱ्या दिवशी नाही वाटली. हे मुद्दाम लिहिते, कारण कुणी सांगत नाही. पोट साफ होत नाही, माणूस रडकुंडीला येतो, आणि लाजेनं बोलत नाही. बोला. सिस्टरना सांगा. त्यांना रोजचं असतं.

माझ्या खोलीत दुसऱ्या खाटेवर हौसाबाई होत्या. शाहूवाडीकडच्या. भाताच्या खाचरात घसरून खुब्याचं हाड मोडलेलं. सत्तरीच्या पुढं, आवाज मात्र खणखणीत. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "पावणं, तुमचं काय मोडलंय?" मी सांगितलं. "मग आपण दोघी बी सारख्याच की. तुमचं मधलं, माझं खालचं." मला हसू आलं आणि हसताना टाक्यांत अशी कळ आली की डोळ्यांतून पाणी. त्यानंतर मी त्यांना हात जोडून सांगितलं, मावशी, हसवू नकासा.

त्यांनी मला ओळखलं नव्हतं. दवाखान्याचा झगा, विस्कटलेले केस, ना कुंकू ना दागिना. मालिकेतली बाई मोठं कुंकू लावते.

संध्याकाळी हौसाबाईंची सून भिंतीवरचा टीव्ही लावायची. ऑपरेशननंतर तीन-चार दिवस झाले असतील. मी डोळे मिटून पडले होते आणि कानावर आमच्या मालिकेचं संगीत आलं. डोळे उघडले. येत्या भागाची झलक चालू होती. शिडी, माळा, लाडवांचा डबा. आणि मी.

त्यांनी तो टेक ठेवला होता. मी फरशीवर आदळते तिथं ढोल वाजवला होता, मग तेच पुन्हा हळू गतीनं, पुन्हा एकदा उलटं, आणि मागून हसण्याचे आवाज भरले होते. लाडू पळतात तिथं टाळ्या.

हौसाबाई खो खो हसल्या. "आगं बया, कशी बदकन पडली बघ!" सूनही हसली. मग सुनेची नजर माझ्याकडं गेली. ती टीव्हीकडं बघायला लागली, परत माझ्याकडं. सासूला कोपरानं ढोसलं.

हौसाबाईंनी मान वळवून मला निरखलं. मग विचारलं, "ही तूच की गं?"

"व्हय मावशी."

"हितंच पडलीस? ह्याच पडण्यानं मोडलं?"

"व्हय."

"आनि तिथं मागं हसाल्यात ती कोन हाईत?"

सेटवरचं हसणं वेगळं; टीव्हीत ऐकू येणारी ही माणसं तिथं नव्हतीच. तो भरलेला आवाज. ते कसं सांगू? हौसाबाई सुनेला म्हणाल्या, "बंद कर ते." आणि मला म्हणाल्या, "म्या बी हसले गं. मला काय ठावं?"

आत्तापर्यंत मी माझं दुखणं, माझे टाके, माझा अंगठा एवढ्यातच होते. त्या म्हाताऱ्या बाईला माझ्यापुढं खजील व्हावं लागलं, ते मात्र मला सहन झालं नाही. तिचा काय संबंध? मला असा संताप आला की टाके विसरले. मालकांना म्हटलं, पाटकरांना फोन लावा. तो सीन दाखवायचा नाही म्हणावं.

पाटकर फोनवर नुसतं 'बघतो' म्हणाले. दुसऱ्या दिवशी स्वतः आले. सफरचंदं घेऊन. बरोबर साउंड रेकॉर्डिंगवाला, खांद्यावर मशीनची पिशवी.

"ताई, झलक लोकांना फार आवडलीय," पाटकर म्हणाले. "तुमचंच नाव होतंय. एक छोटी अडचण आहे. त्या टेकला तुमचं ओरडणं जरा... खरं वाटतंय. एपिसोडमध्ये ते ऐकून हसू येत नाही. तेवढं 'अगं आई गं' गमतीत म्हणून द्या. इथंच, झोपल्या झोपल्या. एक मिनिटाचं काम."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"खरं हाय म्हणून खरं वाटतंय, पाटकर."

"मान्य आहे. पण घडून गेलं ना आता? निदान वाया तरी जाऊ नये."

"वाया जाऊ दे."

"चॅनलला तारीख दिलीय ताई."

"मग चॅनलला इथं आणा. त्यांनी हे बघावं आणि मग गमतीत ओरडून दाखवावं." मी पांघरूण बाजूला केलं. खाटेच्या कडेला लघवीची पिशवी लोंबत होती. डावं पाऊल एका बाजूला कललेलं होतं. "मी ती ओळ म्हणणार नाही. आज नाही, बरी झाल्यावर नाही, कधीच नाही."

साउंडवाल्यानं त्या लोंबत्या पिशवीकडं बघितलं, माझ्या पावलाकडं बघितलं, आणि मशीनची वायर गुंडाळायला सुरुवात केली. पाटकर त्याला म्हणाले, "थांब जरा." तो म्हणाला, "सर, मी खाली गाडीत आहे." आणि गेला.

पलीकडून हौसाबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ओ पावणं, ती न्हाय म्हणती की. ऐकू येत न्हाय व्हय?"

पाटकर गेले. जाताना म्हणाले, "ठीक आहे, आवाज दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ." ही धमकी पोकळ नव्हती. तन्वी माझी नक्कल इतकी हुबेहूब करते की सेटवर लोक मागून फसतात.

त्या संध्याकाळी तन्वीचा फोन आला. ती कोल्हापूरचीच. इथल्या पुष्कळ मुलींसारखी 'करते' न म्हणता 'करतो' म्हणते.

"ताई, मला त्यांनी तुमच्या आवाजात ओरडायला सांगितलंय."

"मग?"

"मी न्हाय म्हटलो. तुमची नक्कल करतो मी, पण असली न्हाय करणार. ते म्हणाले दुसरी सून शोधतो. म्हटलं शोधा."

तिचं वय तेवीस. पहिलंच मोठं काम. घरी आई आणि ती दोघीच. मी म्हटलं, "तन्वी, विचार कर बाई." ती म्हणाली, "केला. त्या शिडीवर उद्या मीच असणार न्हवं?"

पुढं काय झालं ते मी पाहिलं नाही, ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तन्वी मेकअप न करता सेटच्या पायरीवर बसून राहिली. तिच्याशेजारी मेकअपची मुलगी बसली. मग लाइटवाले बसले. साउंडवाल्यानं मशीन पिशवीतून काढलंच नाही. कुणी घोषणा दिल्या नाहीत. नुसते बसले आणि चहा प्याले.

दुपारी निखिल दवाखान्यात आला. एकटा. खुर्ची ओढून बसला.

"ताई, तुम्ही उठत नाही हे मला दिसलं होतं," तो म्हणाला. "मॉनिटरवर दिसत होतं. तरी मी कट म्हटलं नाही."

"का?"

"चांगलं होत होतं."

मग तो सगळं सांगत सुटला. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, सीन कमी पडले की फोन येतात, बघणाऱ्यांचे आकडे घसरले की मालिका बंद करू म्हणतात. मी ऐकलं. तो वाईट मुलगा नव्हता. त्यालाही वरून कुणीतरी दाबत होतं आणि तो दाब तो खाली ढकलत होता. मी सगळ्यात खाली होते, एवढंच.

"निखिल, तुझं मला कळतंय," मी म्हटलं. "पण तुला वाईट वाटतंय एवढंच दाखवायला आला असशील तर जा. तो सीन काढ. आणि परत कुणालाही मोकळ्या फरशीवर पाडायचं नाही. हे जमत असेल तर बस, चहा घे."

तो बसला.

तो सीन भागात आला नाही. टीव्हीवरची झलक थांबली. पोलीस येऊन जबाब घेऊन गेले, प्रॉडक्शनला उत्तरं द्यावी लागली. सगळं न्यायानं झालं असं मी म्हणणार नाही. फोनवरून ती झलक अजून फिरते. माझ्याच भावकीतल्या एकानं ती मला 'लई भारी' म्हणून पाठवली होती. मी त्याला माझ्या पाठीचा, टाक्यांसकट, फोटो पाठवला.

बरं होण्याचं काम फार कंटाळवाणं असतं. त्यात एकही गमतीचा सीन नाही. आधी खाटेवर टेकून बसायचं आणि घेरी येते. मग ब्रेस बांधून उभं राहायचं. ब्रेस म्हणजे छातीपासून कमरेपर्यंत येणारा कडक पट्टा. तो बांधल्याशिवाय पाय जमिनीला लावायचा नाही. मग वॉकर धरून दारापर्यंत. हौसाबाई आणि मी एकाच दिवशी उभ्या राहिलो. त्या म्हणाल्या, "चल, बघू कोन पयली पोचती." दोघी वॉकर घेऊन दारापर्यंत गेलो आणि त्या जिंकल्या.

घरी आल्यावर मालक दुपारी दुकान बंद करून यायचे आणि ब्रेस बांधायचे. मोटरीची बारीक तार गुंडाळायची सवय असलेले हात. पट्टे इतके नेमके ओढायचे की कुठं खुपायचं नाही. गडहिंग्लजहून अव्वा, म्हणजे माझी आई, येऊन राहिली. ती माझ्या डाव्या पायाला रोज तेल लावायची आणि अंगठ्याला कानडीत दटावायची. फिजिओथेरपिस्ट म्हणायच्या की व्यायामानं फरक पडतोय. अव्वाचं म्हणणं होतं की दटावण्यानं. एके दिवशी अंगठा वर उचलला गेला. पूर्ण नाही, थोडा. आम्ही तिघं त्याच्याकडं बघत बसलो.

मध्ये एक वाईट काळ आला तोही सांगते. शिडी बघितली की घाम फुटायचा. टीव्हीवर कुणी पडलं आणि हसण्याचा आवाज आला की मी खोलीबाहेर जायची. रात्री त्याच फरशीवर परत परत पडायची. डॉक्टर इनामदारांना सांगितलं तर ते म्हणाले, "हाड माझं काम आहे, याच्यासाठी दुसरे डॉक्टर आहेत," आणि मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवलं. मी गेले. काही महिने गोळ्या घेतल्या, बोलले. त्यात कमीपणा काय? पाठ मोडली तर स्क्रू घातले, मन हबकलं तर गोळ्या घेतल्या.

तुम्ही हे वाचत असाल आणि तुमचं कुणी उंचावरून पडलं असेल, तर त्याला उठवून बसवू नका. पाणी पाजून 'काही झालं नाही' म्हणू नका. पायाला मुंग्या येत असतील, लघवी अडकत असेल, तर त्याच तासाला दवाखाना गाठा. आणि कुठं पडलात हे विचारलं तर जिथं पडलात तेच सांगा. तुमचा साहेब फोनवर काय म्हणतो ते नंतर बघता येतं.

मी परत कामाला गेले. लोकांना आश्चर्य वाटलं. 'एवढं भांडून परत तिथंच?' हो, तिथंच. भूमिका माझी होती. मी ती सोळा वर्षांनी मिळवली होती. मी का सोडू? मधल्या काळात बाईला काशीयात्रेला पाठवलं होतं. पाटकर दुसऱ्या कामावर गेले होते. तन्वी होती; दुसरी सून त्यांना मिळाली नव्हती. निखिलही होता.

पहिल्याच दिवशी एका नव्या असिस्टंटनं सीन समजावला. स्वयंपाकघरात तेल सांडलंय, सून पळत येते आणि पाठीवर आपटते.

"ताई, तुमचं काही अवघड नाही," तो म्हणाला. "तुम्ही दारात उभं राहायचं आणि तिच्याकडं बघून मोठ्यानं हसायचं."

मी तन्वीकडं बघितलं. ती पदर खोचून तयार होती. फरशीवर खरंच तेल ओतलेलं होतं.

"हिला पडायला शिकवलंय कुणी?" मी विचारलं.

"ताई, साधं घसरणं आहे."

"मग मी हसणार न्हाय."

त्याला वाटलं मी थट्टा करतेय. मी दारातली खुर्ची ओढली आणि बसले. सगळं थांबलं. कुणीतरी उसासा टाकला. लाइटवाला लाइट बंद करून बिडी ओढायला गेला. असिस्टंटनं निखिलला बोलावलं. निखिल आला, त्यानं तेलाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "फरशी पुसून घ्या. हा सीन आज नाही. पडायचं काम करणारी शिकलेली मुलगी आली की तिच्याकडून करू."

तन्वीनं पदर सोडला. ती माझ्या पाठीमागं येऊन खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

जेवणाच्या वेळी निखिलचा फोन वाजला. चॅनलचा. तो ऐकत राहिला, नेहमीसारखा उभा राहून. मग म्हणाला, "आज एक सीन कमी मिळेल. हो. कमीच मिळेल." पलीकडून काय म्हणाले मला माहीत नाही. त्यानं फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि आमच्या पंगतीला येऊन बसला. मी त्याच्या ताटात भाकरी वाढली.